गिरण्या गेल्या, डोह राहिले

आमच्या धाकट्या भाऊजींनी फोनवर विचारलं, "वहिनी, एवढं फ्रान्सला जाऊन आलात आणि आयफेल टॉवरचा एकसुद्धा फोटो नाही? सगळे फोटो नदीत डुंबणाऱ्या माणसांचे!" खरं आहे. लेक मोंपेलिएला असल्यामुळे माझं तिकडे जाणं होतं ते उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात त्या भागातली माणसं शहरात थांबत नाहीत. गाड्यांत टॉवेल, टरबूज आणि पोरंबाळं भरायची आणि उत्तरेला डोंगरात नदीवर जायचं. मीही जाते. पोहता येत नाही, पाय पाण्यात सोडून खडकावर बसते. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे बसल्या जागी प्रश्न पडतात. हा डोह इथेच का? हा बंधारा कुणी बांधला? आणि ही माणसं इथे कधीपासून पोहायला लागली? भाऊजींना फोनवर एवढं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

डोंगराचं नाव सेवेन. फ्रान्सच्या मधोमध जे मोठं पठार आहे त्याची ही आग्नेयेकडची कड. गार आणि लोझेर या दोन जिल्ह्यांत तिचा बराचसा भाग येतो. लोझेर म्हणजे फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यांत कमी वस्तीचा जिल्हा, अख्ख्या जिल्ह्यात लाखभरसुद्धा माणसं नाहीत. तार्न नदी लोझेर डोंगरावर उगम पावते, एरो नदी एग्वाल डोंगरावर. आणि गार्दों नावाच्या तर अनेक नद्या आहेत. वेगवेगळ्या दऱ्यांतून येतात, प्रत्येकीला गावाचं नाव जोडलेलं असतं आणि खाली आंद्यूझजवळ त्यातल्या मुख्य दोघी एक होतात.

नदीतल्या खोल डोहाला तिथल्या जुन्या भाषेत, ऑक्सितानमध्ये, 'गूर' म्हणतात (आपल्या गुरांशी काही संबंध नाही!). प्रवाहात गोटे गरगर फिरून खडकात जे गोल खळगे होतात त्यांना फ्रेंच माणूस राक्षसाचे हंडे म्हणतो. आपल्याकडे निघोजला कुकडीच्या पात्रात तेच आहेत, आपण त्यांना रांजणखळगे म्हणतो. दोन्हीकडच्या माणसांना भांडंच आठवलं, याची मला गंमत वाटली.

पण सगळेच डोह निसर्गाने केलेले नाहीत. जिथे पाणी रुंद, शांत आणि छातीभर असतं, जिथे लहान मुलांना घेऊन बायका बसतात, तिथे थोडं खाली चालत गेलं की बहुतेक वेळा एक दगडी बंधारा लागतो. बंधाऱ्याच्या कडेने पाट काढलेला असतो. त्या पाटाला तिकडे 'बेआल' म्हणतात. पाटाच्या टोकाला काट्याकुट्यांत एखादी छप्पर उडालेली इमारत. पिठाची गिरणी, लोकरीचं कापड कुटायचा कारखाना, नाहीतर रेशमाची गिरणी. गिरणी बंद पडून पन्नास-शंभर वर्षं झालेली असतात. बंधारा मात्र आपलं पाणी अडवण्याचं काम करत असतो आणि त्यात पोरं उड्या मारत असतात!

रेशमाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या डोंगराचा सगळा संसार त्यावर उभा होता. आधी इथला माणूस चेस्टनटवर जगत असे. त्या झाडाला ते 'भाकरीचं झाड' म्हणत. फळं धुरावर वाळवायची, दळायची आणि वर्षभर खायची. १७०९ च्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की ही झाडं मोठ्या प्रमाणावर मेली. त्यानंतर लोकांनी तुती लावली, आणि तुती झाली 'सोन्याचं झाड'. वसंत ऋतूत बायका रेशीमकिड्यांची अंडी छोट्या पिशवीत घालून स्वतःच्या अंगाच्या उबेला ठेवत. किडे बाहेर आले की घराच्या माडीवर फळ्यांवर त्यांची पैदास होई. सगळं घर दिवसरात्र तुतीची पानं तोडण्यात गुंतलेलं असे. कोश तयार झाले की ते गिरणीत जात. तिथे गरम पाण्याच्या घंगाळात कोश भिजवून त्यांचा धागा सोडवायचा. हे काम करणाऱ्या सगळ्या बायका आणि मुली. दिवसभर हात कढत पाण्यात, नाकात मेलेल्या किड्यांचा वास. खिडकीच्या खालून नदी वाहते आहे, पण तिच्यात उतरण्याचा प्रश्नच नाही. नदीचं पाणी मालकाच्या कामाचं होतं. आता त्याच बंधाऱ्यावर त्यांच्या पणत्या ऊन खात पडलेल्या पाहिल्या की मला मनापासून बरं वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा धंदा भरात असतानाच किड्यांवर रोग आला. १८६५ मध्ये सरकारने लुई पाश्चरला आलेस गावी पाठवलं. रेशीमकिड्यांची त्याला तोपर्यंत काही माहिती नव्हती, पण चार-पाच वर्षं खपून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी अंडी निवडण्याची पद्धत बसवली. रोग आटोक्यात आला, धंदा मात्र वाचला नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि चीन-जपानचं स्वस्त रेशीम येऊ लागलं. पुढे कृत्रिम धागाही आला. सें-जाँ-द्यु-गार गावातली 'मेझाँ रूज' ही गिरणी १९६० च्या दशकापर्यंत कशीबशी चालली. आता तिथे संग्रहालय आहे. माणसं खाली कोळशाच्या खाणींत, नीम आणि मोंपेलिएला, पार पॅरिसला गेली. डोंगरातली गावं ओस पडली.

मग पोहणारे कधी आले? जुन्या माणसाला नदी भीतीची आणि कामाची. कपडे धुवायला, मेंढरं धुवायला. गावची उनाड पोरं डोहात उड्या मारत असणारच, ती कुठल्या देशात मारत नाहीत? पण मुद्दाम सुखासाठी कुणी पाण्यात उतरलं, अशी जी लेखी नोंद मला भेटली ती एका परदेशी पाहुण्याची. १८७८ च्या शरदात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मोदेस्तीन नावाची गाढवी घेऊन बारा दिवस या डोंगरातून चालला. तार्नच्या खोऱ्यात रात्री उघड्यावर झोपला आणि सकाळी नदीत अंग धुतलं. उघड्या नदीत अंग धुणं त्याला पूजेसारखं वाटलं, हे त्याने दुसऱ्या वर्षी छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिलं आहे. (आपल्याकडे कृष्णाकाठी हे कुणाला नवल म्हणून सांगावं लागलं नसतं! असो.) त्यानंतर शतकाच्या शेवटी तार्नच्या घळीतून नावाडी शहरी पाहुण्यांना सपाट तळाच्या होड्यांतून फिरवू लागले. पण ते पाहुणे टोप्या घालून होडीत बसत, पाण्यात कुणी उतरत नसे.

खरा बदल कायद्याने झाला. जून १९३६ मध्ये फ्रान्समध्ये डाव्या पक्षांचं सरकार आलं, संप झाले आणि २० जूनच्या कायद्याने कामगारांना वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा मिळाली. क्रीडा आणि फुरसतीचं खातं सांभाळणारे लेओ लाग्रांज यांनी रेल्वेचं चाळीस टक्के सवलतीचं तिकीट काढलं. फुरसतीचं सरकारी खातं! वर्गात हे सांगितलं असतं तर मुलं हसली असती. पण मला हा त्या शतकातला फार मोठा निर्णय वाटतो. समुद्रावर हॉटेलं महाग. डोंगरात ज्याचं-त्याचं मूळ गाव होतं, आजीचं घर होतं, नदी फुकट होती. १९५६ मध्ये रजा तीन आठवड्यांची झाली, १९६९ मध्ये चार, १९८२ मध्ये पाच. सोडून गेलेल्यांची नातवंडं दर ऑगस्टला परत येऊ लागली, मागोमाग तंबू घेऊन परकेही आले. रेशमाने जे पैसे आणणं थांबवलं होतं त्यातले थोडे तरी डोहांनी आणले.

आता जरा वेगळं. माझ्या शाळेतला सातवीचा एक मुलगा एका मे महिन्यात दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात बुडाला. आमचा माणदेश, दुष्काळाचा मुलूख. मुलगे पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकायचे ते शिकायचे, मुलींना तर कोण शिकवणार? तेव्हापासून पाणी दिसलं की मी आधी त्याची खोली विचारते. त्यामुळे फ्रान्सच्या या इतिहासात मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते १९६९ ने. त्या वर्षी १८ जुलैला, सेवेनपासून फार लांब, पश्चिमेकडे ज्विन्ये-स्यूर-ल्वार इथे सुट्टीच्या शिबिराला आलेली १९ मुलं ल्वार नदीत बुडाली. देश हादरला. फ्रान्समध्ये किती मुलांना पोहता येतं, हा प्रश्न ऐरणीवर आला. 'एक हजार तलाव' बांधण्याची योजना सरकारने हाती घेतली. कमी खर्चात, एकाच साच्यात, कारखान्यात भाग बनवून गावोगावी नेऊन जोडायचे. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध साचा बेर्नार शोलेर या वास्तुरचनाकाराचा, नाव 'तूर्नसोल', म्हणजे सूर्यफूल. उडत्या तबकडीसारखा घुमट, ऊन असलं की त्याचा एक भाग सरकून उघडतो. असे १८३ तलाव उभे राहिले. हजार काही झाले नाहीत, पण शेकड्यांनी झाले, आणि पोहणं हा शाळेचा विषय झाला. आजही तिथल्या मुलाला पाण्यात सुरक्षित राहता येतं का याची शाळेत परीक्षा होते आणि दाखला मिळतो. माझ्या नातीकडे आहे. तिच्या गणिताच्या मार्कांपेक्षा मला त्याचं कौतुक जास्त.

हा दाखला नदीवर किती उपयोगी पडतो, ते वेगळं. तलावाचा तळ दिसतो, डोहाचा बदलतो. सेवेनला शरदात जो पाऊस पडतो त्याला तिकडे वेगळं नावच आहे, 'सेवनोल प्रसंग'. भूमध्य समुद्रावरची दमट हवा डोंगराला येऊन थडकते आणि एका जागी ओतते. ८-९ सप्टेंबर २००२ ला आंद्यूझला चोवीस तासांत ६८७ मिलिमीटर पडला. आमच्या माणात आख्ख्या वर्षाला एवढा पडत नाही. अशा पुरानंतर गेल्या वर्षीचा खोल डोह गोट्यांनी भरलेला असतो आणि दुसरीकडे नवा पडलेला असतो. गेल्या वर्षी ज्या खडकावरून उडी मारली, तिथून यंदा डोळे मिटून मारायची नाही, हे तिथली म्हातारी माणसं पाहुण्यांना सांगत असतात. पाहुणे ऐकतातच असं नाही.

कायद्याने डोहाची जबाबदारी गावच्या मेयरची, म्हणजे आपल्या सरपंचाची. काही ठिकाणी उन्हाळ्यात जीवरक्षक बसतो, बाकी ठिकाणी नुसती पाटी: देखरेख नाही, आपल्या जोखमीवर उतरा. आणि काही ठिकाणी सरळ मनाई. नोंदलेल्या जागांचं पाणी हंगामात प्रयोगशाळेत जातं. युरोपचा यासाठी १९७५ पासून नियम आहे. २००६ मध्ये तो कडक झाला: मैलापाण्यातले जंतू मोजून उत्कृष्ट, चांगलं, पुरेसं, वाईट असे चार शेरे. लागोपाठ पाच वर्षं 'वाईट' आलं तर ती जागा कायमची बंद. शेराचा कागद नदीकाठी लावलेला असतो, मी तो चष्मा लावून वाचते.

हे डोह एकदा मुळासकट जाणार होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मियालेकडच्या गार्दोंच्या खोऱ्यात, ला बोरी इथे, पूर अडवायला मोठं धरण बांधायचं ठरलं. याच दऱ्यांत १७०२ ते १७०४ अशी दोन वर्षं प्रोटेस्टंट शेतकरी, कामिझार, राजाच्या फौजेशी लढले होते. त्यामुळे ती दरी लोकांना देवळासारखी. जुनी घराणी आणि १९६८ नंतर शहर सोडून शेळ्या पाळायला आलेली केसाळ तरुण मंडळी, ज्यांचं एरवी एकमेकांशी पटत नसे, ती एकत्र उभी राहिली. शेवटी बेत सोडून द्यावा लागला. आपल्याकडच्या धरणग्रस्तांची कहाणी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना यातलं दुसरं अंगही दिसेल. २००२ च्या पुरात खालच्या गावांचं फार नुकसान झालं. धरण असतं तर किती फरक पडला असता यावर तिथे अजून वाद होतो, आणि दोन्ही बाजूंची माणसं त्याच डोहात पोहतात.

सध्याचा वाद लहान बंधाऱ्यांचा आहे. २००६ च्या पाणी कायद्यानंतर नद्या मोकळ्या करण्याचं धोरण आलं. मासे वर-खाली जायला हवेत, वाळू-गोटे वाहायला हवेत, तेव्हा जिथे उपयोग संपला आहे ते बंधारे फोडा. शास्त्र म्हणून बरोबरच आहे. अडलेलं पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ट्राउट मासा जगत नाही. पण गिरणीचा उपयोग संपला म्हणजे बंधाऱ्याचा संपला का, असं गावकरी विचारतात. आग लागली तर पंप कुठे लावायचा? पोरांनी कुठे जायचं? २०२१ च्या कायद्याने पाणगिरण्यांच्या बंधाऱ्यांवर पाडण्याची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं, तरी भांडण मिटलेलं नाही. माझं मत विचाराल तर मासा जाईल एवढी वाट काढून बंधारा ठेवावा. पण मी मासा नाही.

पाणीही कमी होतं आहे. २८ जून २०१९ ला मोंपेलिएजवळच्या वेरार्ग गावी ४६ अंश तापमान झालं. फ्रान्समध्ये त्याआधी एवढं कधीच नोंदलं गेलं नव्हतं. अशा दिवशी सगळं शहर डोंगराकडे पळतं. २०२२ च्या दुष्काळात देशभर नद्या आटल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विजेचे भाव भडकल्यामुळे तीसेक बंदिस्त तलाव काही दिवस बंद ठेवावे लागले. थोड्या पाण्यात जास्त माणसं आली की पोरं गोटे रचून छोटे बांध घालतात, आपलं-आपलं डबकं करतात. सेवेन राष्ट्रीय उद्यान आहे, १९७० पासून. गोटे हलवू नका, त्यांच्याखाली माशांची अंडी आणि तिथली स्थानिक झिंग्यासारखी जात असते, असं आता त्यांना सांगावं लागतं. आमच्या नातीने घातलेला बांध तिच्याच बापाने संध्याकाळी गोटा-गोटा करून मोडायला लावला. ती रडली, पण तिने सगळे गोटे जागेवर ठेवले.

भाऊजी, आयफेल टॉवरचा फोटो पुढच्या खेपेला.