लाकडाची तूट : शिरस्ता की चोरी?

कोठारात जमा झालेले इमारती लाकूड आणि प्रत्यक्ष कामी लागलेले लाकूड यांचा मेळ सहसा बसत नाही. ही तूट कारागिराचा हक्क मानावी की चोरी, या प्रश्नावर अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये दीर्घकाळ वाद चालला. त्याच जातीचा वाद पुढे आपल्या कोकणातही उद्भवला. या दोहोंचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

डेटफर्ड, चॅथम, पोर्ट्समथ येथील सरकारी गोद्यांत जहाजे बांधणाऱ्या सुतारांना कामातून निघालेले ढलपे घरी नेण्याची मुभा असे. आपल्या गावगाड्यातील बलुत्याप्रमाणे हा वेतनाचाच भाग समजला जाई. रोख पगार महिनोन्महिने थकत असल्यामुळे त्याचे महत्त्व अधिकच होते. उलटपक्षी, ढलप्यांच्या नावाखाली चांगले लाकूड कापून बाहेर नेले जाते, अशी अधिकाऱ्यांची तक्रार होती. अखेर १८०१ मध्ये हा शिरस्ता बंद करून सुतारास त्याबद्दल रोजी सहा पेन्स देण्याचे ठरले. म्हणजे सरकारला या हक्काची किंमत मोजावी लागली.

आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५–१६) आरमाराच्या लाकडासंबंधी स्पष्ट नियम आढळतात. सागवानासारखे लाकूड हुजूरची परवानगी घेऊन तोडावे. आंबा, फणस ही रयतेने दीर्घकाळ जोपासलेली झाडे बळाने तोडू नयेत. जीर्ण झाड हवे असल्यास धन्यास राजी करून व मोल देऊन न्यावे, असा त्यांचा आशय आहे. येथे धन्याची संमती प्रथम व कुऱ्हाड नंतर, हा क्रम लक्षणीय आहे.

कंपनी सरकारने हा क्रम उलटविला. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने सागवानी जहाजबांधणीचा लौकिक वाढविला होता, आणि इंग्लंडात ओकची टंचाई भासू लागताच सागवानाची मागणी वाढली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची मलबारात वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, व सागवानावर कंपनीची मक्तेदारी बसली. जमीनदार व लाकूडव्यापारी यांचा असंतोष इतका वाढला की, मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२३ मध्ये ही व्यवस्था मोडीत काढली.

तथापि तत्त्व मेले नाही. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे व कोलाबा जिल्ह्यांत राबाचा प्रश्न पेटला. भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर झाडांच्या फांद्या जाळण्याची ही जुनी रीत वनखात्याच्या दृष्टीने जंगलाची नासाडी ठरली, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने तिच्यावाचून पीक नव्हते. या तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला. आजची नवी मुंबई याच दोन जिल्ह्यांच्या जुन्या हद्दींत वसलेली आहे.

चॅथमचा ढलपा आणि कोकणातला राब यांत अंतर पुष्कळ. पण न्यायाचा प्रश्न एकच आहे. लाकूड नेणारा हात तोच राहिला, बदलले ते त्या कृतीचे नाव. इंग्लंडच्या सुतारास नाव बदलताना निदान सहा पेन्स मिळाले. कोकणच्या कुणब्यास मात्र आपला वहिवाटीचा हक्क आधी आयोगापुढे सिद्ध करावा लागला. सबब, जुन्या दप्तरांत ‘चोरी’ हा शब्द आढळताच, त्यापूर्वी तेथे कोणता शिरस्ता होता हे अभ्यासकाने प्रथम पाहिले पाहिजे.