तीन मिनिटांच्या स्पर्धेआधीची मुंबई

१/४
संशोधन सामान्यांना तीन मिनिटांत सांगण्याची स्पर्धा २००८ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झाली. मुंबईचे विद्यार्थी या प्रश्नाला १६० वर्षे आधीच भिडले होते.

२/४
१८४८. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापली. इंग्रजीतून मिळालेली विद्या इंग्रजी न जाणणाऱ्यांपर्यंत न्यावी कशी? त्यासाठी मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. तेथे मराठीतून निबंध वाचले जात.

३/४
मात्र निबंधवाचनाने घरातील मुली साक्षर होणार नव्हत्या. १८४९ साली याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी विनावेतन शिकवले. जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली.

४/४
घड्याळाची मर्यादा नव्हती. कसोटी तीच होती. शिकलेले स्वभाषेत सांगता येते का? आणि ऐकण्यास कोण येऊ शकत नाही?