बिलांचा गठ्ठा, संगमरवरी शिळा आणि एक पीडीएफ

बांधकाम कंपनीच्या हिशेब खात्यात महिनाअखेरीला बराच कागद जमतो. सिमेंट-सळईची बिलं, डिलिव्हरी चलनं, मोजमापाची पानं, चाचणीचे अहवाल. पूर्वी हे सगळं टाचून फाइलला लावत. आता एखादा प्रोग्राम त्या फाइलींची यादी एपीआयमार्फत सर्व्हरकडे पाठवतो आणि काही सेकंदांत एकच सलग पीडीएफ परत येते. तुम्ही म्हणाल, याचा इतिहासाशी काय संबंध? संबंध असा, की बांधकामाचे सुटे हिशेब एकत्र करण्याचं काम अडीच हजार वर्षांपूर्वीही चालू होतं. एकत्र करताना काय टिकतं आणि काय गळतं, यावरच पुढच्या संशोधकाला काय कळणार हे ठरतं.

अथेन्समधल्या पार्थेनॉनचं बांधकाम इ.स.पूर्व ४४७ मध्ये सुरू झालं. त्याचे पंधरा वर्षांचे हिशेब एकाच मोठ्या संगमरवरी शिळेवर, चारही बाजूंनी कोरलेले होते. आज तिचे फक्त तुकडे उरलेत. प्रत्येक वर्षाच्या मथळ्यात त्या वर्षाचं देखरेख मंडळ कितवं आणि त्याचा चिटणीस कोण, हे दिलंय. मग जमा, मग खर्च. जमेत देवी अथेनाच्या खजिनदारांकडून आलेली रक्कम आहे, उरलेलं सोनं आणि हस्तिदंत विकून आलेले पैसेही आहेत. खर्चात खाणकाम, दगड गाड्यांवर चढवणं, मूर्तिकारांची मजुरी अशी सदरं आहेत.

आता गंमत बघा. पैसा कुठून आला आणि कोणत्या सदरात गेला, हे या शिळेवरून कळतं. दगड कोणी फोडला, हे मात्र कळत नाही. वर्षभराच्या नोंदींची बेरीज करून सदरवार आकडे कोरले, त्यामुळे माणसं आकड्यांत विरली.

त्याच टेकडीवर इरेक्थियॉन नावाचं दुसरं मंदिर आहे. इ.स.पूर्व ४०९ च्या सुमारास त्याचं रखडलेलं काम पुन्हा हाती घेतलं गेलं. त्याचेही हिशेब दगडावर आहेत, पण इथे बेरजेआधीच्या सुट्या नोंदी ठेवल्या आहेत. खांबांवर पन्हळी कोरणाऱ्या एका टोळीत सिमियास नावाचा परदेशी रहिवासी आहे आणि त्याच्यासोबत त्याचे गुलामही नावानिशी आहेत. नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच खांबावर, एकाच दराने काम करताना दिसतात. (गुलामाच्या नावची मजुरी मालकाच्याच हाती जात असणार, हा अर्थात अंदाज.) रोजाचा नेहमीचा दर एक द्राख्मा, आणि वास्तुविशारदाचा हिशेबही त्याच दराने लागतो. प्राचीन ग्रीसमधल्या श्रमावर लिहिणारे अभ्यासक या मजकुराकडे पुन्हा पुन्हा येतात, ते यामुळेच.

याच हिशेबात आणखी एक छोटी नोंद आहे: नकला लिहिण्यासाठी पपायरसचे दोन तुकडे घेतले, किंमत दोन द्राख्मा चार ओबोल. म्हणजे दगडाच्या आधी पपायरस होता, लाकडी फळ्या होत्या. ते सगळं गेलं, एकत्र केलेली प्रत तेवढी उरली.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पेशवे दफ्तर घ्या. त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात संपादित केले. खंड विषयवार आहेत आणि फार उपयोगी आहेत. पण एखादा कागद मूळ रुमालात कोणत्या कागदांच्या शेजारी होता, हे बघायचं तर दफ्तरातच जावं लागतं. कागद ज्या क्रमाने साठले तो क्रमही पुरावाच असतो, हे तत्त्व १८९८ च्या डच अभिलेखागार-पुस्तिकेने नीट मांडलं.

मग पीडीएफचं काय? जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये या कल्पनेचं टिपण लिहिलं, १९९३ मध्ये अडोबीने हा प्रकार बाजारात आणला आणि २००८ मध्ये तो आयएसओ मानक झाला. कोणत्याही यंत्रावर पान तसंच दिसावं, हा मूळ हेतू. म्हणूनच फाइली जोडल्या की वाटतं, काहीच बदललं नाही. पानं खरंच तशीच दिसतात, बदल पानांच्या बाहेर होतो.

जोडणारा प्रोग्राम नवी फाइल लिहितो. मूळ फाइलींची नावं जातात. निर्मितीची तारीख बहुधा जोडणीच्या दिवसाची लागते. मूळ बिलावर डिजिटल सही असेल तर ती नव्या फाइलमध्ये पडताळता येत नाही, कारण सही मूळ फाइलच्या नेमक्या बाइट्सवर केलेली असते. क्रमही यादीत दिला तसाच लागतो. यादी नावाच्या अक्षरक्रमाने केली असेल तर ‘बिल१०’ हे ‘बिल२’ च्या आधी येऊन बसतं. उद्या या फाइलवर कोणी लिहिलं, की दहावं बिल दुसऱ्याच्या आधी मंजूर झालं, तर चूक कोणाची?

तुमच्यापैकी काही जण शहरांवर, बांधकाम मजुरांवर किंवा नगरपालिकांच्या खर्चावर काम करणार आहात. माहिती अधिकारात अर्ज केला की अशीच तीनशे पानांची एक फाइल हाती येऊ शकते. तेव्हा आधी सीमा शोधा: एक कागद कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो. त्याची तक्त्यात नोंद करा: बिल क्रमांक, बिलावरची तारीख, जोडफाइलमधलं पान. संदर्भ देताना बिल क्रमांक आणि पान दोन्ही द्या, कारण नुसतं ‘पान २१४’ पुढच्या जोडणीत हलेल. सुट्या फाइली मिळत असतील तर त्याही मागा. आणि स्वतः जोडणी करणार असाल तर मूळ फाइली वेगळ्या जपा, प्रत्येक बिलाला बुकमार्क द्या, पहिल्या पानावर यादी लावा. पार्थेनॉनच्या चिटणीसांनी प्रत्येक वर्षाला मथळा दिला होता, तेवढं तर आपल्यालाही जमेल.

शेवटी फाइल बंद करण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: या तीनशे पानांत मजुराचं नाव एकदा तरी येतं का? येत नसेल, तर हजेरीपट कुठे आहे याचा शोध तिथूनच सुरू करा.