आपण नेमके कोणाचे वकील?

१५ ऑक्टोबर १९७६ या दिवशी वेस्टिंगहाउस कंपनीने शिकागोच्या फेडरल कोर्टात युरेनियमच्या धंद्यातल्या २९ कंपन्यांवर दावा लावला. या मंडळींनी संगनमत करून भाव चढवले, असा आरोप होता. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्या संघटनेचा अहवाल बाहेर पडला. युरेनियमच्या धंद्यात चांगली स्पर्धा आहे, तेल कंपन्यांना त्यातून बाहेर काढायचं कारण नाही, असं त्याचं म्हणणं. दावा चालवत होतं कर्कलँड अँड एलिस या लॉ फर्मचं शिकागो ऑफिस, आणि अहवालामागे होतं त्याच फर्मचं वॉशिंग्टन ऑफिस. प्रतिवादींपैकी गल्फ, केर-मॅगी आणि गेटी या तीन कंपन्या संघटनेच्या सभासद होत्या. अहवालासाठी त्यांनी आपली आतली माहिती विश्वासाने याच वकिलांच्या हाती दिली होती.

माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगते. मी मुंबईत बसून एका परदेशी लॉ फर्मसाठी ‘कॉन्फ्लिक्ट्स’ बघते. नवं काम घेण्याआधी पार्टनर आमच्याकडे फॉर्म पाठवतो: अशील कोण, समोर कोण, मागे पैसा कोणाचा. आम्ही ती नावं फर्मच्या नोंदींत शोधतो आणि यातल्या कोणाचं काम आपण पूर्वी केलंय, आज करतोय किंवा कोणाविरुद्ध उभे आहोत, ते कळवतो. काम घ्यायचं की नाही हे ठरवणारे आम्ही नव्हे. पण आमचा रिपोर्ट गेल्याशिवाय फाइल उघडत नाही.

मूळ नियम फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने राजाच्या कोर्टात लबाडी करणाऱ्या वकिलाला एक वर्ष आणि एक दिवस कैद ठरवली. पाठोपाठ १२८० साली लंडन शहराने एकाच दाव्यात दोन्ही बाजूंकडून पैसे घेण्याला बंदी केली. दोन्हीकडून खाणारा तो वकील एकटा होता आणि आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याला पकडायला शिपाई पुरे होता, रजिस्टर लागत नव्हतं.

पुढे वकिलांनी भागीदारीत ऑफिसं थाटली आणि ‘वकील’ म्हणजे नक्की कोण, हाच प्रश्न झाला. १९१२ साली लंडनच्या कोर्टासमोर आलेली एक फर्म दोन भागीदारांची होती. राकुसेन नावाच्या अशिलाने आपल्या वादाबद्दल एका भागीदाराचा सल्ला घेतला आणि पुढे त्याचा विरोधक दुसऱ्याकडे गेला. दोघे आपापले अशील स्वतंत्रपणे सांभाळायचे, दुसऱ्याला पहिल्या सल्ल्याचा पत्ताही नव्हता. अपील कोर्टाने त्याला काम करू दिलं. गैरवापराची खरीखुरी भीती दिसत नाही, असं कोर्टाला वाटलं.

आपल्याकडची गत वेगळी होती. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ ने अशिलाची गोष्ट वकिलाच्या तोंडाला कुलूप लावून ठेवली, आणि ते कुलूप काम संपलं तरी उघडत नसे. १९७५ च्या बार कौन्सिलच्या नियमांनी स्पष्टच सांगितलं की, ज्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला किंवा त्याचे कागद तयार केले, त्यात विरुद्ध पक्षाचं वकीलपत्र घ्यायचं नाही. पण शोधाशोध करायला वेगळा माणूस कोणी नेमला नाही, कारण गरजच नव्हती. १९५६ च्या कंपनी कायद्याप्रमाणे भागीदारीत वीसपेक्षा जास्त भागीदार चालत नसत. फोर्टातल्या सॉलिसिटरांच्या फर्म घरच्यासारख्या राहिल्या.

माझे मामा तिथल्याच एका फर्ममध्ये मॅनेजिंग क्लार्क होते. नवा शेटजी जिना चढून आला की मोठे साहेब केबिनमधूनच विचारायचे, “काय हो, घ्यायचं का?” मामा बस्ता बांधता बांधता सांगायचे, “साहेब, यांच्या मेहुण्याचं गहाणखत आपल्याकडे झालंय. वाटणीचा दावा लागला तर तो समोर असणार.” मेहुण्याचं नाव कुठल्याच कागदावर नसायचं. कोणाची सोयरीक कुठे झाली, कोण कोणाच्या पेढीत पैसे ठेवतो, हे मामांना पाठ होतं. ते रिटायर झाले तेव्हा फर्मची निम्मी कॉन्फ्लिक्ट सिस्टिम पेन्शनीत निघाली.

शिकागो आणि वॉशिंग्टन यांच्यामध्ये असा माणूस बसवता येत नाही. दोन ऑफिसांमध्ये आपण भिंत घातली आहे, इकडची माहिती तिकडे जात नाही, असा कर्कलँडचा बचाव होता. १९७८ साली सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो मानला नाही. शहरं दोन असली तरी फर्म एकच. वेस्टिंगहाउसला सांगण्यात आलं की, एक तर या तीन कंपन्यांना दाव्यातून वगळा, नाही तर वकील बदला. वीस वर्षांनी, १९९८ साली, ब्रुनेईच्या प्रिन्स जेफ्रींच्या खटल्यात लंडनच्या लॉ लॉर्ड्सनी केपीएमजी या हिशेबनिसांच्या फर्मलाही विरुद्ध बाजूचं काम करण्यापासून अडवलं. प्रिन्सच्या जुन्या कामावर फर्मचे १६८ लोक राबले होते. एवढ्यांच्या डोक्यातलं गुपित आयत्या वेळी उभारलेल्या भिंतीने राखलं जाईल, यावर लॉर्ड्सचा विश्वास बसला नाही.

कोर्ट जसजशी जास्त डोकी एका माणसात मोजू लागलं, तसतशी त्या माणसाची स्मरणशक्ती पगारावर ठेवावी लागली. आधी इंडेक्स कार्डांचे ड्रॉवर आले, मग कॉम्प्युटर. वकिलांना नुकसानभरपाईचा विमा देणाऱ्या कंपन्या अर्जातच विचारू लागल्या, कॉन्फ्लिक्ट तपासायची तुमची पद्धत काय? त्या रकान्याच्या उत्तरातून आमची खुर्ची तयार झाली.

नव्या मुलांना मी याच १९७६ च्या दाव्यातली नावं आज शोधायला लावते. गल्फ १९८४ साली शेव्हरॉनमध्ये गेली. गेटी त्याच वर्षी टेक्साकोने घेतली आणि २००१ साली टेक्साकोही शेव्हरॉनमध्ये गेली, म्हणजे दोन प्रतिवादी एकाच दाराशी पोचले. केर-मॅगी २००६ साली अ‍ॅनाडार्कोने घेतली आणि २०१९ मध्ये अ‍ॅनाडार्को ऑक्सिडेंटलने. खुद्द वादी वेस्टिंगहाउसने टीव्हीवाली सीबीएस विकत घेतली आणि १९९७ साली स्वतःच सीबीएस हे नाव लावलं. अणुभट्ट्यांचा धंदा मात्र जुन्याच नावाने पुढे विकला गेला, आधी ब्रिटिश सरकारी कंपनीला आणि मग २००६ साली तोशिबाला. आज ‘वेस्टिंगहाउस’ टाइप केलं की सापडणारी कंपनी दावा लावणारी नव्हेच.

हुशार मुलगा ही नावं जशीच्या तशी टाकतो, काही सापडत नाही म्हणून खूश होतो आणि पाच मिनिटांत ‘नो हिट्स’ असा रिपोर्ट पाठवतो. तो मी परत पाठवते. एवढ्या मोठ्या कंपनीचा आपल्या फर्मशी कधीच संबंध आला नाही, असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा आपण चुकीचं नाव विचारलेलं असतं. मामांनी मेहुण्याबद्दल विचारलं असतं.