विमा नियामक : निवडणूक व नियुक्ती

विमा कंपन्यांना परवाने देणारे व विमेदारांचे हित राखणारे शासकीय पद किंवा प्राधिकरण. विमा क्षेत्रातील सुधारणांविषयीच्या मल्होत्रा समितीच्या अहवालानंतर (१९९४) भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचा कायदा १९९९ मध्ये झाला; मुख्यालय हैदराबाद. अध्यक्ष, कमाल पाच पूर्णवेळ व चार अर्धवेळ सदस्य केंद्र सरकार नेमते. राज्यांना स्वतंत्र नियामक नाही. अमेरिकेत हा विषय राज्यांकडे असून बहुतेक ठिकाणी विमा आयुक्त नियुक्त असतो. कॅलिफोर्नियात मात्र १९८८ च्या सार्वमतानंतर तो निर्वाचित झाला. निर्वाचित आयुक्त मतदारांना थेट उत्तरदायी, पण प्रचारनिधीचा प्रश्न उरतोच. भारतात मात्र मतदार विमा नियामक निवडत नाही : खर्डीचा (ता. शहापूर) भातउत्पादक सरपंच मतदानाने निवडतो, पण पीकविम्याची त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाते. [→ पंचायत राज्य, पीकविमा, विमा लोकपाल].