एक जहाज, चार नावं

इंडोनेशियातल्या बिंतान बेटावर एक जुनं जहाज आज जमिनीवर उभं आहे, हॉटेल म्हणून. जगाला ते 'डूलॉस' या नावानं माहीत आहे. ग्रीक शब्द, अर्थ 'दास'. १९७७ साली ऑपरेशन मोबिलायझेशन या ख्रिस्ती संस्थेसाठी ते विकत घेतलं गेलं. २००९ पर्यंत ते बंदरोबंदरी पुस्तकं विकत, धर्मप्रचार करत फिरलं. कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे देशोदेशीचे बिनपगारी स्वयंसेवक.

आता गंमत बघा. फक्त 'डूलॉस' हे नाव घेऊन शोधायला बसलात, तर ३२ वर्षं हाती लागतात, तीही बहुतेक मिशनच्याच शब्दांत. आधीच्या ६३ वर्षांचं काय? १९१४ साली अमेरिकेत बांधलं गेलं तेव्हा ते 'मेदिना' नावाचं मालवाहू जहाज होतं. १९४८ नंतर 'रोमा' होऊन त्यानं युरोपातून ऑस्ट्रेलियाला स्थलांतरित नेले. १९५२ पासून इटालियन कंपनीकडे ते 'फ्रांका सी' झालं. मालक बदलला, झेंडा बदलला, की कागदही वेगळ्या देशात, वेगळ्या भाषेत जातात.

तुमचा विषय गाव असो, शाळा असो की छापखाना, आधी त्याच्या जुन्या नावांची यादी करा. नाहीतर शेवटच्या मालकानं सांगितलेली गोष्ट म्हणजेच इतिहास, असं आपण धरून चालतो.