हॉल कुठला, मार्क कुणाचा?

श्रोतेहो, कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी म्हणजे चांदीकामाचे गाव. इथले पैंजण, जोडवी, कंबरपट्टे परप्रांतांतही जातात. या व्यवहारात आपला जुना शब्द आहे 'टंच'. टंच काढणे म्हणजे मालात निव्वळ चांदी किती, हे पाहणे. त्याच्या जोडीला आता 'हॉलमार्क' हा इंग्रजी शब्द येऊन बसला आहे. पण हा हॉल कुठला आणि मार्क कुणाचा?

हॉल आहे लंडनचा. सन १३०० मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला, की हजार भागांत ९२५ भाग चांदी असलेलाच माल विकावा आणि तपासलेल्या मालावर बिबट्याच्या मुखाची खूण उठवावी. सोनारसंघाचे पंच त्यासाठी दुकानोदुकानी हिंडत. पुढे १४७८ मध्ये, कारागिरांनीच माल संघाच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणावा, असे ठरले. त्या हॉलातली खूण, म्हणून हॉलमार्क!

म्हणजे बघा, घडवणारा एक आणि पारखणारा दुसरा. विकणाऱ्याने स्वतःच '९२५' ठोकले, तर तो नुसता आकडा, हॉलमार्क नव्हे.

पाऊस रुसला की घरची बाई पायातले पैंजण मोडीत काढते. "डाख फार आहे, घट धरावी लागेल," असे ऐकवले तर ती बापडी काय बोलणार? सांधे जोडायला डाख लागतोच, त्याने टंच उतरतो. घट काही सगळीच खोटी नसते. पण किती, हे सांगणारा तिऱ्हाईत हवा. चोख काम करणाऱ्या कारागिरालाही तोच आधार.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने ही पद्धत सोन्यासाठी २००० साली आणि चांदीसाठी २००५ साली सुरू केली. सोन्याच्या दागिन्यांना ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक आला, पण ऐच्छिक म्हणून.

शिक्षकमित्रांनो, इंग्रजीत हा शब्द गुणालाही लावतात: नेमकेपणा हा चांगल्या कारागिराचा हॉलमार्क. आपण म्हणतो, कसाला उतरला. मुलांना दोन्ही शब्द शेजारी मांडून दाखवा. आणि मायबहिणींनो, पैंजण घेताना खूण बघा, पावती जपून ठेवा.